कॅप्टनला दमवायचं कसं

पुतणी अबोलीचं पत्र तेवीस दिवस माझ्याजवळ पडून होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. यात नवल काही नाही. गावच्या वाचनालयात मी चौतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, पण पत्राला उत्तर द्यायला बसलो की हात थांबतो. वाटतं, आपण लिहितो ते बरोबर असेल का? उद्या बघू. उद्या उजाडतो तेव्हा माणूस कालच्यापेक्षा एका दिवसानं जास्त घाबरट झालेला असतो.

एरवी माझ्या गप्प राहण्यानं कोणाचं काही बिघडत नाही. या वेळी बिघडणार होतं. अबोलीनं लिहिलं होतं, "काका, मुद्दाम फोन करत नाही. फोनवर तुम्ही सगळ्याला हो म्हणता आणि मग झोपत नाही. कॅप्टनला कायमचं ठेवणार असाल तर दोन ओळी लिहा. उत्तर आलं नाही तर नाही समजू, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्वानंद त्याला घेऊन जाईल. एका फार्महाऊसवाल्याला राखणीला कुत्रा हवा आहे. तो साखळीला बांधून ठेवणार. मला ते नकोय, पण इलाज नाही."

कॅप्टन म्हणजे तिचं कुत्रं. काळं-पांढरं, केसाळ, परदेशात मेंढरं वळणाऱ्या जातीचं. तिकडे म्हणे एक कुत्रं पाचशे मेंढरं सांभाळतं. त्याला हिनं शहरात मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर ठेवलं, आणि ती व तिचा नवरा स्वानंद दोघं ऑफिसला जात. कुत्र्यानं आधी सोफा खाल्ला, मग शेजाऱ्यांची पायपुसणी. सोसायटीची तिसरी नोटीस आली तेव्हा अबोलीला आठवलं की उमरेडकडे आपले एक काका राहतात, तिथं मोकळं रान आहे, कुत्रं आपोआप दमेल. तात्पुरता म्हणून तिनं तो माझ्याकडे आणून सोडला. शहरातल्या माणसाला गाव म्हणजे मोठं अंगणच वाटतं.

आमच्या गावात मेंढरं नाहीत. कॅप्टननं मग जे मिळालं ते वळायला घेतलं. कोंबड्या वळल्या, शाळेतली पोरं वळली, दुधाची गाडी दोनदा परत पाठवली. आठव्या दिवशी तो रामाजीच्या अंगणात शिरला. अंगणात दोन क्विंटल मिरची वाळत घातली होती. कॅप्टननं तिच्यावरून चार फेऱ्या मारल्या. गार वाऱ्याचे दिवस, वारा गावाकडे. दुपारपर्यंत अर्धं गाव शिंकत होतं आणि उरलेलं अर्धं मला शोधत होतं.

संध्याकाळी रामाजीच्या ओट्यावर बैठक बसली. रामाजी दोन वेळा ग्रामपंचायतीत निवडून आलेला, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. ठरलं असं की कुत्रं निवलं तर राहील, नाही निवलं तर आल्या वाटेनं जाईल. कुत्रं माझं होतं, पण माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही दिलं नसतं.

"तुमी फिकर करू नका गा मास्तर," रामाजी म्हणाला. मी कधी शिकवलं नाही, पण पुस्तकं देणारा म्हणून गाव मला मास्तर म्हणतं. "त्याले दमवाचं काम माह्याकडं."

पहिला उपाय मोटरसायकलीचा. मागच्या कॅरिअरला लांब दोरी, दोरीला कॅप्टन, आणि पाटबंधाऱ्याच्या नहरापर्यंत जाऊन परत, आठ किलोमीटर. परत आल्यावर कॅप्टन पाणी पिऊन आडवा झाला. रामाजीनं मिशीवर हात फिरवला. चार मिनिटांनी कॅप्टन उठला आणि मोटरसायकलीकडे पाहून शेपूट हलवू लागला. पाच-सहा दिवस हा कार्यक्रम चालला. कुत्र्याच्या मांड्या पैलवानासारख्या झाल्या. दमलं ते पेट्रोल.

माझी बायको वच्छला सगळं बघत होती. ती म्हणाली, "तालीम देऊन राह्यले तुमी त्याले. आता लंगोट बांधा अन् कुस्तीले उतरवा."

दुसरा उपाय तलावाचा. रामाजीनं काठी फेकायची, कॅप्टननं पोहत जाऊन आणायची. काठी त्यानं बावीस वेळा आणली. रामाजीचा खांदा धरला तेव्हा कॅप्टननं आपल्या मनानं काम पुढे चालू ठेवलं आणि ढीवराचं जाळं आणून दिलं, आत मासे होते तसेच. तिसरा उपाय ताक-भाताचा. जड जेवलं की माणूस लवंडतो, मग कुत्रं का नाही? गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं; कॅप्टन दीड गंज ताक-भात जेवला, वीस मिनिटं लवंडला आणि त्या भाताच्या जोरावर संध्याकाळपर्यंत धावला.

मीही माझ्या परीनं प्रयत्न केला. वाचनालयातून पशुपालनाचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात कुत्र्यावर दीड पान होतं, तेही पिसाळलेल्या. ते मी दोनदा वाचलं.

अशात तो कोष्टीपुऱ्यात गेला. एके काळी या गल्लीत चाळीस माग होते. आता एकच चालतो, कुसुमावतीबाईंचा. त्यांना उमरेडच्या एका विणकर सोसायटीनं बारा ताणे पांजणीला दिले होते. पांजणी म्हणजे मागावर चढवण्याआधी ताण्याला, उभ्या सुतांना, भाताची खळ लावणं. हातानं हे करणारं आता कोणी उरलेलं नाही. बारा ताणे वेळेत गेले तर वर्षभर काम देऊ, असा सोसायटीचा शब्द होता. गेले नाहीत तर बाईंनी माग मोडून लाकडं जाळावीत, असं त्याच म्हणत.

गल्लीभर बांबूच्या घोड्यांवर ताणा पसरायचा, साठ हात लांब, दीड-दोन हजार तारा. खळ लावायची आणि कुंच्यानं विंचरत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं. सुकेपर्यंत थांबायचं नाही. थांबलं की तारा एकमेकींना चिकटल्या. दोन्ही बाजूंना एकेक माणूस लागतो. बाईंच्या पलीकडच्या बाजूला पूर्वी गल्लीतलाच विणकर भैयाजी असे. तो आता शहरात रामदासपेठेत एका दवाखान्यासमोर गाड्या लावायच्या शिट्ट्या वाजवतो. त्यामुळे बासष्ट वर्षांच्या बाई एकट्याच ताण्याला वळसे घालून दोन्ही बाजू सांभाळत होत्या.

गोल गोल फिरणारं माणूस पाहून कॅप्टनला वाटलं असावं, अखेर या गावात कोणाला तरी काम कळतं. तो मदतीला धावला. सरळ ताण्याच्या मधून. एक घोडी आडवी झाली, शंभरावर तारा तुटल्या.

मी पोचलो तेव्हा बाई ओरडत नव्हत्या. खाली बसून एकेक तार सांधत होत्या. मी क्षमेचं वाक्य मनात तयार केलं, त्यातला एक शब्द मला खटकला, आणि तो बदलेपर्यंत मी कुत्र्यासकट घरी पोचलो होतो.

संध्याकाळी बाई दारात आल्या. मला वाटलं, भरपाई मागतील किंवा कुत्रं काढा म्हणतील.

"मास्तर, उद्या सकाळी सहाले या. कुत्रं बी आणा."

"मी येऊन काय करणार?"

"पल्लीकडून कुंचा फिरवाचा. हात हायेत ना दोन?"

कुत्र्याला घरी बांधून ठेवतो, असं मी सुचवलं.

"घरी बांधलं त थे भुकन, अन् त्या निमित्तानं तुमी पळसान. कमरेले बांधा. दोघं बी राह्यसान." उंबऱ्यावरून वळता वळता त्या म्हणाल्या, "त्याच्यात ताकद जास्त नाही मास्तर, रिकामपण जास्त हाये. रिकामा न्हावी भितीले तुंबड्या लावते."

सकाळी धुकं होतं. काळी माती दवानं चिकट झालेली. कॅप्टनची दोरी कमरेला बांधून मी पलीकडे उभा राहिलो. पहिल्या फेरीत त्यानं मला ओढलं. दोरी ताणली की बाई टाळूला जीभ लावून टचकन आवाज करत आणि थांबत. थांबलं की तारा चिकटणार, म्हणून मी घाबरून कॅप्टनकडे बघे, आणि कॅप्टन बाईंकडे. दोरी सैल झाली की बाई पुढे चालत. सहाव्या फेरीपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की इथं धावून काही मिळत नाही. आठव्या फेरीपासून तो बाईंच्या कुंच्यावर डोळा ठेवून चालू लागला. कुंचा हलला की पाऊल, टोकाला वळला की वळण. इतकं हळू चालायचं म्हणजे कुत्र्याला अख्खं डोकं खर्च करावं लागत होतं. शेजारून चिमणी उडाली, त्यानं कान हलवला आणि पाऊल चुकू दिलं नाही. मला चिमणी दिसली, माझा कुंचा चुकला. बाईंनी टचकन आवाज केला, तो माझ्यासाठी होता.

सव्वीस फेऱ्या झाल्या. ऊन ताण्यावर आलं, तारा सुकल्या. घरी येऊन कॅप्टन ओसरीवर पडला तो दुपारपर्यंत हलला नाही. रामाजी बघायला आला.

"मेलं का गा हे?"

झोपलंय म्हटल्यावर त्यानं वाकून श्वास पाहिला. मग गावभर सांगितलं की आठ किलोमीटरचा गुण जरा उशिरानं येतो. ओट्यावरच्या बैठकीनं कुत्रं निवल्याचं मान्य केलं आणि रामाजीचा सत्कार करायचं ठरवलं. माझे दोन्ही खांदे वर होत नव्हते, म्हणून मी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते त्यानं मनाला लावून घेतलं.

असे तीन ताणे झाले. पत्र मात्र तसंच. गावाची हरकत गेली होती, कारणं संपली होती, आणि तरी मी पेन उघडत नव्हतो. रविवार तीन दिवसांवर आला. वच्छलानं ते बाईंच्या कानावर घातलं असावं. गुरुवारी सकाळी, चौथ्या ताण्याच्या मध्यावर, बाईंनी कुंचा न थांबवता विचारलं, "रविवारी नेणार म्हन्ते त्याले. तुमी काय लिवलं?"

"अजून काही नाही."

एक फेरी झाली.

"कुत्रं गेलं त सोमवारी तुमी येसान का?"

येईन म्हणावंसं वाटलं. पण खरं सांगायचं तर दहा वर्षांत मी कोणाच्या दारी आपण होऊन गेलो नव्हतो. कॅप्टन मला ओढत न्यायचा, म्हणून मी तिथं होतो.

"बहुतेक नाही," मी म्हणालो.

"मले मालूम हाये. आठ ताणे बाकी हायेत माह्ये." बाई टोकाला वळल्या, कॅप्टन वळला, शेवटी मीही. "मी तुमच्या भरोशावर नाही मास्तर, कुत्र्याच्या भरोशावर हावो. आज लिवा."

घरी जाऊन लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात दोन पानं प्रस्तावना झाली. दुसऱ्यात उशिराबद्दल क्षमा, तिसऱ्यात त्या क्षमेबद्दल क्षमा. चौथ्यात एक संस्कृत वचन आलं. वच्छलानं ते वाचलं आणि विचारलं, "याच्यात कुत्रं कुठं हाये?" मग मी लिहिलं:

"चि. अबोली, कॅप्टन इथेच राहील. तो सध्या कामावर आहे, सुट्टी मिळणार नाही. स्वानंदने रविवारी जेवायला जरूर यावं आणि रिकाम्या गाडीनं परत जावं. काका."

टपालाची पिशवी दोन वाजता उमरेडला जाते. मी दीडला पोचलो. पोस्टात प्रमोदिनी बसते. शनिवारपर्यंत पोचेल का, असं मी तिला विचारलं. पोचेल म्हणाली. सोमवारी पोचलं तर? सोमवारी नाही, शनिवारी पोचेल म्हणाली. मग तिनं पाकिटाकडे पाहिलं. ते टेबलावर होतं आणि माझी दोन बोटं त्याच्यावर होती.

"थे सोडा त मास्तर."

"आधी शिक्का मार वं," मी म्हणालो. "नाहीतर मी परत मागीन."

तिनं पाकीट माझ्या बोटांखालून ओढलं, तिकिटावर दोनदा शिक्का हाणला आणि पिशवीत टाकलं. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. दोन वाजता पिशवी गेली. मी मागितलं नाही.