पितांबर गुळव्याचं नाक

आमच्या कोरीटच्या पितांबरचं नाक असं, की तापीपल्याड कोणाची खिचडी करपली तर तो इकडून सांगायचा, "तांदूळ जुना व्हता." वारा कुठून कुठे वाहत होता असल्या शंका काढू नका. शंका फेडून फेडून मी थकलो आता.

महाराष्ट्र राज्य नवं झालं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मगनच्या गुऱ्हाळावर पितांबर गुळव्या होता. उसाचा रस आटून आटून घट्ट होतो, तेव्हा कढई नेमक्या घडीला उतरवली नाही तर गूळ करपतो. बाकीचे गुळवे पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी वळून बघतात. पितांबर नुसता वाफेवर वाकायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, "उतारा." चूक कधी नाही.

त्या साली दिवाळी सरली आणि त्याचं नाक गळायला लागलं. मी कढईखालच्या चुलवणात उसाची चिपाडं सारायला होतो, सगळं समोर पाहिलं. त्याच्या पायाशी वांगी लावली असती तर वेगळं पाणी लागलं नसतं. झोप नाही, अन्नाला चव नाही. डोळे इतके खोल गेले, की माणूस विहिरीतून बघतोय असं वाटे.

मगन भला माणूस, पण त्याचा ऊस तोडून पडला होता. म्हणाला, "पितांबरभाऊ, वास नही येत व्हई ते सांगी दे. मी शहादाथीन दुसरा गुळव्या लयी येसू."

"येस ना वास," पितांबर नाक शिंकरत म्हणाला.

त्याची बायको रुक्मिणीबाई त्याला गाडीत घालून नंदुरबारला घेऊन गेली. डॉक्टरनं काचेची कुपी दिली, एका टोकाला रबरी फुगा, दुसऱ्या टोकाला नाकात धरायची बोंडी. फुगा दाबला की फवारा उडायचा. डॉक्टरनं बजावलं, "आधी नाक शिंकरा. डोकं मागे टाकू नका, जरा पुढे झुकवा. बोंडी मधल्या पडद्यावर रोखू नका, बाहेरच्या अंगाला धरा. सकाळ-संध्याकाळ एकेकदा दाबा, पाच दिवसांनी बंद. आणि दुसऱ्याच्या नाकाला बोंडी लागता कामा नये." रुक्मिणीबाईनं ते आरतीसारखं पाठ केलं. पितांबरनं मान हलवली, पुढाऱ्याच्या भाषणाला हलवतात तशी.

गुण आला. दुसऱ्या दिवशी तो कढईवर वाकला, "उतारा" म्हणाला आणि गूळ सोन्यासारखा निघाला.

आता आमच्याकडची रीत अशी, की गुऱ्हाळावर आलेल्याला रस पाजल्याशिवाय धाडत नाहीत. वाटसरू असो की वैरी. गुऱ्हाळावर जे आहे ते आल्यागेल्याचं. आणि कुपी तर गुऱ्हाळावरच होती.

पहिला आला उदेसिंग गाडीवान. "काय शे रे हाई?"

"नाकनं औषध."

"मंग दे ना मालेबी जरासं!"

गुऱ्हाळावर 'नही' म्हणायला पितांबरची जीभ वळेना. उदेसिंगनं फुगा दाबला आणि डोळे फिरवले. "अरे भो! डोकामा खिडकी उघडी गई!"

झालं. आधी पेलाभर रस, मग एक फवारा, असा पाहुणचार सुरू झाला. सर्दी नसलेलेही आले. एक जण बैल घेऊन आला. बैलानं मान फिरवली. गुऱ्हाळावर शहाणा तेवढाच. मी घेतला का? माझं नाक धड होतं, आणि याहून जास्त मला विचारू नये.

रुक्मिणीबाई भाकर घेऊन आली आणि बघतच राहिली. "तुम्ही प्रसाद वाटी ऱ्हायनात का? डाक्टरनी काय सांगं व्हतं?"

"मानसं मांगतस. नही कसं म्हनू?"

"त्यासना शेंबूड तुमना नाकमा जाई ऱ्हायना ना!"

तसंच झालं. गावभरची सर्दी बोंडीवरून त्याच्या नाकात उतरली. मग तो घटकेघटकेला फुगा दाबू लागला. कुपी संपली तशी उदेसिंगकडून दुसरी मागवली. पाच दिवस कधीच मागे पडले. गळणं थांबलं, पण नाक चिखलानं लिंपल्यासारखं बंद झालं. फवारा मारला की जरा उघडे, आणि मग आधीपेक्षा घट्ट मिटे.

एका दुपारी तो कढईवर वाकला, हुंगत राहिला, हुंगतच राहिला. करपल्याचा वास मला खाली चुलवणाशी आला, त्याला वर आला नाही. सगळी कढई काळी झाली. मगन ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "बजारना दिन मी शहादाले जास."

रुक्मिणीबाईनं नवऱ्याला पुन्हा डॉक्टरपुढे बसवलं. "औषधाच्या अतिरेकानंच नाक चोंदलंय," डॉक्टर म्हणाला. "आता बंद. काही दिवस हाल होतील. उकळून कोमट केलेल्या मीठपाण्याचे थेंब सोडा, उशी उंच घ्या. उघडेल."

"रातले एकच दाब?"

"एकही नाही." आणि कुपी त्यानं ठेवून घेतली.

मग पितांबर तोंडानं श्वास घेत, लोहाराच्या भात्यासारखा कढईजवळ बसून राहिला. कढया मगन स्वतः गोळी वळून उतरवत होता, कधी लवकर, कधी उशिरा. लोक येऊन विचारत, "शे का फवारा?" पितांबर दमलेल्या आवाजात म्हणे, "नही." तेवढ्यासाठी दोन माणसं रुसली, अजून रुसलेली आहेत. त्यातलं एक वारलंसुद्धा.

बाजाराच्या दिवशी मगन गाडी जुंपत होता. पितांबरनं एकदम माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. उजवी नाकपुडी उघडली होती आणि पहिला वास माझ्या बंडीचा आला होता. तो उठला, कढईवर वाकला. मगन जोत हातात धरून थांबला. रस बुडबुडत होता.

"उतारा."

उतरवली. गूळ साच्यात बसेपर्यंत मगन जागचा हलला नाही. मग एक तुकडा मोडला, उजेडात धरला, तोंडात टाकला आणि बैल सोडले.

पितांबरला सांगायला वळलो, तर तो चिपाडांच्या ढिगावर आडवा झालेला. तोंड मिटलेलं, श्वास नाकातून. पुढची कढई चढली होती.

रुक्मिणीबाईनं त्याच्या अंगावर उपरणं टाकलं. "हाई कढई गोळी करीसन देखा," ती मगनला म्हणाली. "त्यासले उठाडानं नही."