आत्याचा मान

नावेचं नाव ठेवायच्या आधीच गावानं तिला नावं ठेवून घेतली. धानाच्या मुलखात शिडाची होडी, तीही शर्यतीची, आणि वर एकीच्या जागी तीन! भूमेश्वरीनं मात्र कानाडोळा केला. इंजिनीअरिंग शिकलेली ही पवाराची पोर तीन वर्षं शेतातल्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, थर्माकोलचे नमुने तरंगवत होती. मधली होडी लांब, तिला दोन्ही बाजूंनी जोडलेल्या दोन सडपातळ. वारा कितीही रेटो, कलेल पण उलटणार नाही. जमलं तेव्हा एकटीच बोडीच्या पाळीवर नाचली होती.

मोठा भाऊ तिलक सामान आणायचा, मिस्त्री बघायचा. नवेगावबांधच्या तलावावर शर्यत होईल तेव्हा सुकाणू तुझ्या हाती आणि नावही तुझ्याच पसंतीचं, असा शब्द त्यानंच दिला होता.

शर्यतीच्या सकाळी काठावर मांडव उभा राहिला. माईकवाला 'बोटीचे निर्माते तिलकभाऊ' म्हणाला, तेव्हा तिला वाटलं, चुकला असेल बिचारा. मग बघते तर सुकाणूशी चुलतभाऊ खुमेंद्र लाइफ जॅकेट घालून बसलेला. तेवढ्यात तिलक हळदीकुंकवाचं ताट घेऊन आला.

"बाई, बारसं आहे बोटीचं. तू आत्या. सांग तिच्या कानात नाव."

बारशाला नाव आत्या ठेवते, हे का कोणाला सांगावं लागते? पण आत्या असते ती भावाच्या लेकराची! एका शब्दात यानं आईची आत्या करून टाकली, आणि वर मानाचं ताट.  भूमेश्वरीनं आपल्या आईकडं, चमेलीबाईकडं पाहिलं. चिखलानं भरलेले लेकीचे कपडे तिनंच तर धुतले होते. तिला सारं ठाऊक होतं.

"घे ना बाई," आई म्हणाली, "आत्याचा मान का लहान असते? उद्या सासरी जाशील, बोट का संगं नेशील?"

म्हणजे घरात आधीच ठरलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं कापला असता तर ती भांडली तरी असती.

ताट तसंच ठेवून ती मधल्या होडीच्या टोकाशी वाकली आणि तोंड लावून काही पुटपुटली. बायकांनी सवयीनं 'कुर्रर्र' केलं. माईकवाला धावत आला, आत्यानं काय नाव ठेवलं म्हणून विचारू लागला.

"नाव नाही ठेवलं," ती म्हणाली. "तुझी माय चालली, एवढंच सांगितलं तिले."