शकुंतलाबाईंच्या मांडीवरचा व्हॉलीबॉल

मी एक जुना व्हॉलीबॉल आहे. माझा पिवळा रंग फिका पडला आहे, निळ्या पट्ट्यांची कड जागोजागी सुटली आहे. संध्याकाळी हवा भरली तरी सकाळपर्यंत थोडी उतरतेच. पण मित्रांनो, माझ्यातला राग मात्र फार दिवस उतरला नव्हता. त्या रागाचीच ही हकिकत आहे.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. रबरी फुग्यावर दोरा गुंडाळला, त्यावर एकेक पट्टी चिकटवली आणि गरम साच्यात दाबून मला गोल केले. तिथून मी गोंदियाला मुलींच्या 'उडान' क्लबात आलो. क्लब भैयाजींचा होता. मालक तेच आणि प्रशिक्षकही तेच. सुरुवातीला माझे फार लाड झाले. मी सामन्याचा चेंडू होतो. मला वेगळ्या पिशवीत ठेवत. चुकून कुणाचा पाय लागला तर ती मुलगी मला हात लावून तो कपाळाला लावायची.

त्याच काळात सौंदडच्या शकुंतलाबाई पटले आपल्या रुचिला घेऊन क्लबात आल्या. स्टेशनजवळ त्यांचे बी-बियाण्यांचे दुकान होते. यजमान पुरनलाल धानाची शेती पाहायचे. रुचि शाळेच्या मैदानावर इतकी उंच उडायची की सगळे म्हणू लागले, हिला क्लबात टाका. क्लब म्हणजे काय, हे शकुंतलाबाईंना कुठे ठाऊक होते? त्यांना वाटले, शिकवणीसारखे असेल. पोरीला सोडायचे, न्यायचे.

पहिल्याच सामन्यात रुचिने दोन गुण मिळवले आणि थोड्या वेळाने ती मागच्या रांगेत गेली. शकुंतलाबाई ताडकन उठल्या.

"माह्या पोरीले मांगं काऊन धाडलं? काय बिघडवलं तिनं?"

सगळे पालक हसले. शेजारी बसलेल्या सुमित्राबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवले. सुमित्राबाई गोंदियाच्याच, त्यांची रविता उडानची कर्णधार. "अहो, सबको घूमना पडता है," त्या म्हणाल्या. "सर्व्हिस आपल्याकडे आली की सगळ्या एकेक जागा सरकतात. पुन्हा येईल जाळीजवळ तुमची रुचि."

सुमित्राबाईंनीच मग त्यांना सगळे शिकवले. वेगळ्या रंगाचा बनियन घातलेली मुलगी फक्त मागे राहून चेंडू उचलते, जाळीवरून मारत नाही, हे सांगितले. गुडघ्याच्या पट्ट्या रोज धुवायच्या, नाहीतर वास मारतो, हेही सांगितले. सामन्याच्या दिवशी प्रशिक्षकाशी बोलायचे नाही, हे तर तीनदा सांगितले. हळूहळू शकुंतलाबाई रेल्वेच्या डब्यातसुद्धा रुचिला "हात सरळ ठेव, कोपर वाकवू नको," असे सांगू लागल्या. सामन्याच्या वेळी दोघी आया जेवणाच्या एकाच डब्यातून पोहे खायच्या. ते दिवस चांगले होते.

मग नागपूरची स्पर्धा आली. उपांत्य सामन्यात रुचिचा घोटा मुरगळला आणि बघता बघता सुजला. शकुंतलाबाई धावत खाली गेल्या.

"नाही खेळणार पोरगी. पाय पाहा तिचा!"

"एक सेट की बात है, बाई," भैयाजी म्हणाले. त्यांनी घोट्यावर थंडगार स्प्रे मारला, पट्टी करकचून बांधली आणि रुचिला आत ढकलले. तिने मलाच मारायला उडी घेतली. मी जाळीपलीकडे पडलो, गुण मिळाला, आणि ती खाली आली तेव्हा घोट्यातून आलेला आवाज मी ऐकला. लिगामेंट तुटले होते. उडानने सामना जिंकला. दवाखान्यात मात्र क्लबाचे कुणीही आले नाही.

प्लास्टर असतानाच शकुंतलाबाई रुचिला घेऊन क्लबात गेल्या. पुढे काय करायचे, एवढेच त्यांना विचारायचे होते. भैयाजी सगळ्या पालकांसमोर म्हणाले, "गाव की लड़कियों में दम नहीं होता. अब इसे खेत में रोपा लगाने भेजो."

सुमित्राबाई आपल्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. मला नक्की माहीत आहे, त्या पिशवीत शोधण्यासारखे काही नव्हते.

मी भैयाजींच्या पायाशीच होतो. माझी कातडी सुटायला लागली होती, नवे चेंडू आले होते. त्यांनी मला पायाने कोपऱ्यात उडवले. मित्रांनो, व्हॉलीबॉलला कुणी लाथ मारत नाही. शकुंतलाबाईंनी मला उचलले, पदराने पुसले आणि विचारले, "हा नेऊ का?"

"ले जाओ. कचरा ही है."

परतीच्या गाडीत मी त्यांच्या मांडीवर होतो. सौंदडला उतरताना त्या रुचिला म्हणाल्या, "त्या भैयाजीले त्याच्याच हॉलात हरवीन. त्याच्याच लोकांसमोर. तोवर मले झोप नाही."

गावच्या शाळेच्या मैदानात दोन बांबूंना जाळी बांधली. शेतातून, शाळेतून, दुकानावर आलेल्या बायांच्या लेकींतून मुली गोळा झाल्या. रुचि प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून शिकवायची आणि शकुंतलाबाई पदर खोचून मला आणि शाळेच्या चेंडूंना फेकायच्या. फेकता फेकता त्या भैयाजींचे 'दम नहीं होता' हे वाक्य रोज म्हणायच्या. मुली दातओठ खायच्या आणि मला असा तडाखा बसायचा की मी शाळेच्या भिंतीवर जाऊन आदळायचो. मला तो मार गोड लागायचा. प्रत्येक वेळी मला वाटायचे, समोर भैयाजींचे तोंड आहे.

एकदा रुचि वैतागली. "माय, बस कर ना. मले खेळाले आवडते. तू त्याचंच घेऊन बसली."

"तुले विसरता येते," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मले येत नाही."

पुढच्या वर्षी जिल्ह्याची स्पर्धा उडानच्याच हॉलात भरली. रुचिचा पाय बरा झाला होता. सौंदडच्या मुली एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत पोचल्या आणि समोर उडान उभी राहिली. मी शकुंतलाबाईंच्या मांडीवर, गॅलरीत. तिसरा, शेवटचा सेट. गुण बरोबरीत, सर्व्हिस रुचिची.

तेव्हा त्यांना दिसले. रविताच्या गुडघ्याच्या पट्टीखालून पांढरी टेप डोकावत होती. चेंडू उचलून झाला की ती त्या पायावर भार टाकत नव्हती. भैयाजींच्या हातात स्प्रेचा डबा होता. इतर कुणाला कळले नसेल, पण शकुंतलाबाईंना लगेच कळले.

त्या उभ्या राहून ओरडल्या, "रुचि! रविताच्या पुढ्यात टाक! जाळीजवळ टाक!"

रुचिने वर पाहिले. तिलाही कळले होते. क्षणभर ती थांबली आणि मग तिने आईचे ऐकले. सर्व्हिस जाळीला घासून रविताच्या पुढ्यात पडली. रविता झेपावली. पुन्हा तशीच सर्व्हिस. पुन्हा झेप. शकुंतलाबाईंची नखे माझ्या कातडीत रुतत होती. मी मनात ओरडत होतो, आणखी एक, आणखी एक! चौथ्या झेपेनंतर रविता उठली नाही.

"उठ! नाटक मत कर!" भैयाजी गरजले आणि डबा हलवत तिच्याकडे निघाले.

आमच्यापासून दोन खुर्च्या सोडून सुमित्राबाई बसल्या होत्या. त्या वळल्या. "भैयाजींवरचा राग माझ्या रवितावर काढून राहिल्या, शकुंतलाबाई?"

"त्या दिवशी पिशवीत काय पाहून राहिल्या होत्या तुम्ही?"

सुमित्राबाई म्हणाल्या, "भ्याले होते. बोलले असते तर त्यानं रविताला बाहेर बसवलं असतं."

शकुंतलाबाई मला काखेत धरून पायऱ्या उतरल्या. पंचांनी शिट्टी वाजवली, त्यांनी ऐकली नाही. रविताच्या गुडघ्यावर धरलेला डबा त्यांनी भैयाजींच्या हातातून हिसकावला.

"हे पोरगी खेळणार नाही."

"आप कौन होती हो?"

"मी तिची आई," मागोमाग उतरलेल्या सुमित्राबाई म्हणाल्या. सगळ्या हॉलला ऐकू गेले. "आणि मी म्हणते, ती खेळणार नाही. या क्लबात तर कधीच नाही."

मग दुसरी एक आई उठली. मग एक बाप उठला, आपल्या मुलीचे बूट हातात घेऊन. सामना सौंदडने जिंकला. पण भैयाजी खरे हरले ते बक्षिसे वाटताना. उडानच्या पालकांच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. शकुंतलाबाई शेवटपर्यंत समोर बसून ते पाहत होत्या. त्या हसल्या नाहीत. पण त्यांना आनंद झाला नाही असे मी म्हणणार नाही. मलाही झाला, पोटभर झाला.

आज उडानला कुलूप आहे. तिथल्या बऱ्याच मुली रविवारी सौंदडला येतात. रविताही येते, पण तिला उडी मारता येत नाही. डॉक्टर म्हणतात, आधीचीच दुखापत होती. शकुंतलाबाई तिच्यासाठी वेगळा डबा आणतात, तिला गाडीत बसवून देतात, मात्र तिच्या गुडघ्याकडे पाहत नाहीत. परवा रविताने सहज विचारले, "काकू, तुम्हाला माहीत होतं ना, माझा पाय दुखत होता?" शकुंतलाबाई म्हणाल्या, "हो." मग रविताने मला उचलले आणि लहान मुलींकडे फेकायला सुरुवात केली.

मित्रांनो, माझी फार मागणी नाही. मला उन्हात टाकू नका, पायाने उडवू नका. आणि राग आला तर खुशाल मला मारा, जीव खाऊन मारा. मी त्यासाठीच बनलो आहे. फक्त मारण्याआधी, पलीकडच्या मुलीचा कुठला पाय दुखतो आहे ते शोधू नका.