कुंकवाशेजारची वायर

जळकोटच्या साखराबाईंचं खुब्याचं ऑपरेशन दुपारी दोनला ठरलं होतं. खर्च उचलणाऱ्या नांदेडच्या ट्रस्टचं मंजुरीपत्र फॅक्सने हाती आलं, तरच डॉक्टर त्यांना आत घेणार; नाहीतर पुढची तारीख दिवाळीनंतरची. लातूरच्या त्या दवाखान्यात फॅक्सचं वेगळं यंत्र नव्हतं. कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरच फॅक्स घ्यायचं आणि परस्पर छापायला धाडायचं. पडद्यावर ‘फॅक्स आला’ असं दिसत होतं, कागद मात्र बाहेर पडत नव्हता. ट्रस्टवाल्यांनी दुसऱ्यांदा पाठवला, तोही आतच राहिला.

हिशेब सांभाळणाऱ्या संगमेश्वरने सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, टोनर हलवून बसवला. साधं पत्र छापलं, ते झरकन निघालं. मग त्याने हात टेकले. सॉफ्टवेअरच बिघडलंय, पुण्याहून माणूस बोलवावा लागेल, असं सांगून मोकळा झाला.

दाराशी साखराबाईंचा मुलगा बालाजी उभा होता. “ताई, माय सकाळधरनं उपाशी हाय.”

“माझीही एकादशी आहे, दादा,” सुकन्या हळूच म्हणाली. “दोघींचा उपास वाया जायचा नाही. बसा तुम्ही.” ऑफिस तीच सांभाळायची, पण तिचा आवाज शेजारच्या टेबलापलीकडे कधी गेला नव्हता.

पत्र छापतंय म्हणजे प्रिंटर धड आहे. फॅक्स येतोय म्हणजे सॉफ्टवेअरही धड आहे. मग घोळ दोघांच्या मधेच कुठेतरी. तिने प्रिंटरची यादी उघडली. प्रिंटर एकच, पण नावं दोन, एक ठळक आणि एक फिकट. सॉफ्टवेअर बिचारं अजून फिकट नावाकडेच कागद धाडत होतं.

वायर कुणी हलवली, असं तिने विचारलं, तसा संगमेश्वर घुटमळला. खंडेनवमीच्या पूजेला सगळ्या वायरी काढल्या होत्या. कॉम्प्युटरला कुंकवाचं बोट सुकन्यानेच लावलं, ते नेमकं प्रिंटरच्या वायरीच्या छिद्रावर. दसऱ्याची सुट्टी संपवून आज सकाळी जोडायला बसला, तर कुंकू पुसायला त्याचा हात धजेना. त्याने वायर शेजारच्या छिद्रात खोचली, आणि कॉम्प्युटरला वाटलं, नवाच प्रिंटर आला.

“देवीचं कुंकू पुसावं कसं, ताई? त्यात लावलेलं तुम्ही.”

“पुसायचं कशाला? उचलायचं.”

तिने बोटाने कुंकू टिपून कपाळी लावलं, छिद्र कोरड्या फडक्याने साफ केलं आणि वायर जुन्या जागी बसवली. फिकट नाव ठळक झालं. प्रिंटर घरघरला. आधी कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट निघाला, मग मंजुरीपत्र, आणि त्यामागोमाग तेच पुन्हा.

“आता दोन खुबे बदलून घ्या म्हणावं,” संगमेश्वर पुटपुटला. बालाजी ऐकायला थांबलाच नव्हता, पत्र घेऊन तो कधीच डॉक्टरांकडे पळाला होता.

दोनच्या आत साखराबाईंचं स्ट्रेचर दारावरून निघालं. सुकन्याने हात करून ते क्षणभर थांबवलं. खंडेनवमीला त्यावर पेशंट होता, म्हणून त्याची पूजा तेवढी राहून गेली होती. बोटावर उरलेलं कुंकू तिने त्याच्या दांडीला टेकवलं आणि म्हणाली, “हं, न्या आता.”