कायद्यापुरतं जाहीर

शब्दकोशाच्या कचेरीत थोरला आठवडाभर एकाच शब्दापाशी अडला होता: दवंडी.

"उगम वादाचा आहे, एवढं लिहा आणि पुढे चला," संपादिकाबाई म्हणाल्या. "देवाने आयुष्य द्यावं, अजून 'ध' बाकी आहे!"

त्याने लिहिलं: ढोलकं बडवून लोकांना दिलेली सूचना. पेन हातात तसंच राहिलं. आधी ढोलकं का? स्वयंपाकात असलेला, झोपलेला, रुसून बसलेला, सगळे दारात यावेत म्हणून. ते आल्यावर बोलायचं. ऐकणाऱ्याचा केवढा मान राखला होता त्या जुन्या माणसांनी!

तेवढ्यात वकिलांचा फोन आला. "घरविक्रीची जाहीर नोटीस तयार आहे. पेपर असा निवडलाय, की तुमच्या बहिणीच्या गावात जातच नाही. तिची हरकत आली नाही, की आपण मोकळे. कायद्यापुरतं जाहीर झालं म्हणजे झालं. छापू ना?"

"उद्या सांगतो," थोरला म्हणाला.

आई गेल्यापासून धाकट्या बहिणीशी बोलणं नव्हतं. आईच्या त्या घरात तिचाही वाटा होता.

रात्रीच्या जेवणाला बायकोने विचारलं, "घास का अडकतोय?" त्याने सगळं सांगितलं. ती हसलीच. "म्हणजे ढोलकं गोधडीत गुंडाळून वाजवायचं म्हणा की!"

"चेष्टा नको. तिने हरकत घेतली, तर विक्री अडेल."

"अडू दे. देवाच्या घरी कोणता पेपर जातो, तेवढं विचारा तुमच्या वकीलसाहेबांना."

त्याने ताट बाजूला सारलं. मग पुन्हा ओढून घेतलं, आणि नीट जेवला.

सकाळी वकिलांकडून नोटिशीचा कागद घेऊन त्याने बहिणीचं गाव गाठलं. कडी वाजवली. तिने दार अर्धंच उघडलं.

"वाट चुकलास का रे, दादा?"

तो उंबऱ्याबाहेर उभा राहून नोटीस वाचू लागला. "तमाम लोकांस कळविण्यात येते की..." आवाज मुद्दाम मोठा होता. शेजारीण खिडकीत आली. बहीण शेवटच्या ओळीपर्यंत हलली नाही.

"कुणाची हरकत असल्यास..."

"आहे," ती म्हणाली. "माझी आहे. आईच्या घराला हात लावू देणार नाही मी."

"मग लेखी दे. मीच पोचवतो."

तिचे डोळे भरून आले. "देते. पण आधी आत ये. दारात काय ओरडतोयस गाढवासारखा!"

विक्री अडली होती. थोरल्याने चपला काढल्या.