मेश्रामबाईंचं आभारप्रदर्शन

तरुण शास्त्रज्ञांची काळजी सरकारला अधूनमधून वाटते. चौऱ्याहत्तर साली ती जरा जास्तच वाटली, आणि नागपुरातल्या एका फळसंशोधन केंद्रात तरुणांसाठी अनुदानाची योजना येऊन पोचली. अनुदान कुणाला द्यायचं हे ठरवायला समिती नेमली गेली. तिच्यातला सगळ्यात तरुण सभासद येत्या दिवाळीत निवृत्त होणार होता. अध्यक्ष होते केंद्राचे प्रमुख मधुकरराव. त्यांनी शेवटचा प्रयोग केला तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती.

केंद्रात तरुण म्हणावं असं एकच माणूस होतं, इंदोऱ्याची सत्यवती मेश्राम. डॉक्टरेट ताजी, हुद्दा कनिष्ठ सहायकाचा, काम मधुकररावांची भाषणं लिहून देण्याचं. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला की खोडातून डिंक गळतो आणि भरलं झाड बघता बघता वाळतं. आळ्यातलं पाणी खोडाला टेकतं म्हणून हे होत असावं, असं तिला वाटे. खोडाभोवती कोरडी जागा सोडायची, तिच्या बाहेर दुसरं आळं करून पाणी द्यायचं आणि काय होतं ते बघायचं, एवढाच तिचा प्रयोग. तिनं अर्ज केला.

मुलाखतीत मधुकरराव फार गोड बोलले.

"मेश्रामबाई, कल्पना उत्तम. पण तुमच्या नावावर आधीचा स्वतंत्र प्रयोग एकही नाही."

"सर, त्यासाठीच तर अनुदान मागतेय."

"अननुभवी माणसाच्या हाती सरकारी पैसा कसा द्यायचा? आधी अनुभव घ्या."

"तो कुठून घेऊ?"

"प्रयोग करा ना!"

म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. समितीला लायक तरुण काही सापडेना. पैसा परत पाठवणं तर पापच. तेव्हा त्यातून 'तरुण शास्त्रज्ञांपुढील अडचणी' या विषयावर परिसंवाद घ्यायचं ठरलं. अडचणींवर चार ज्येष्ठ बोलणार होते. तरुणांनाही वाव हवा, म्हणून आभारप्रदर्शन सत्यवतीकडे आलं.

मांडव उभा राहिला. पाहुणे पहिल्या वर्गानं आले. गरमीत त्यांना बसवायचं कुठे, म्हणून प्रमुखांच्या खोलीला नवा कूलर लागला. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून काटोलचे संत्रा बागायतदार बसनं आणले होते. चौथे ज्येष्ठ बोलून बसले तोवर अर्धा मांडव पेंगत होता.

सत्यवती उभी राहिली. पाहुण्यांची नावं लिहिलेल्या कागदाची तिनं घडी घातली.

"तरुणांच्या अनुदानातून हा मांडव झाला, मांडववाल्यांचे आभार. त्याच अनुदानातून कूलर आला. इथलं संशोधन थंड का, हे आता कुणी विचारणार नाही, म्हणून कूलरवाल्यांचेही आभार. पाहुण्यांनी अडचणी फार छान सांगितल्या. त्यांतली एकही त्यांना स्वतःला उरलेली नाही, याबद्दल त्यांचं अभिनंदन."

पेंगणारे जागे झाले. मागून एकानं टाळी वाजवली, आणि आपण एकटेच आहोत हे कळूनही तो वाजवत राहिला. मधुकररावांनी घाईघाईनं राष्ट्रगीताची खूण केली.

मांडवामागच्या नळावर सत्यवती तोंड धूत होती. मांडवात परत जायला ती धजत नव्हती. टाळी वाजवणारा म्हातारा तिथं आला. काटोलचा देवराव.

"काहून भिऊन राहिल्या बाई? खरं तं बोलल्या."

"नोकरी जाईन दादा."

"चौघं बोलले, पण डिंक्याचं कोणी बोललं नाही. माही बाग जाऊन राहिली. तुमाले काही समजते काय?"

तिनं काडी घेतली आणि नळाखालच्या चिखलात एकात एक दोन गोल काढले. देवराव खाली वाकून ते गोल निरखू लागला.

"अर्धी बाग तुमची," तो म्हणाला.

"अन् झाडं मेली तं?"

"तशीही मरूनच राहिली ना जी."

नोकरी गेली नाही. काढायचं तर कारण लेखी द्यावं लागलं असतं. सत्यवतीची बदली फक्त गोदामात झाली. रविवारी ती काटोलची बस धरी. पहिल्या वर्षी दोन्ही अर्ध्यांत काडीचा फरक दिसेना. ती बांधावर बसून रडली, आणि देवरावनं तिला न समजावता शांतपणे जेवायला वाढलं. तिसऱ्या बहाराला मात्र फरक आंधळ्यालाही दिसावा असा होता. तिच्याकडचीही काही झाडं गेली होती. तिनं तेही शोधनिबंधात लिहिलं.

मधुकररावांनी तिला तातडीनं गोदामातून वर बोलावलं. निवृत्तीनंतरची त्यांची पुढची मुदतवाढ अडली होती; नावावर नवा निबंध दाखवायला नव्हता.

"निबंधावर प्रमुखाचं नाव असतं, बाई. परंपरा आहे."

"सर, बाग कुठल्या गावी आहे?"

"कळमेश्वरकडेच ना कुठेतरी?"

सत्यवतीला हसू आवरेना. मग ती म्हणाली, "घाला नाव. माझ्यानंतर. पण अनुदानातली अनुभवाची अट काढायची."

मधुकररावांनी अट त्याच आठवड्यात काढली. त्या दिवशी घरी सत्यवतीला घास गोड लागला नाही. बाजार तर आपणही केलाच, असं तिला वाटत राहिलं.

पुढच्या वर्षी नव्यानं लागलेल्या दोघांना अनुदान मिळालं. सत्यवतीचा अर्ज मात्र परत आला. मधुकरराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुमच्यापाशी आता अनुभव आहे. तुम्हाला प्रोत्साहन कशाला?"

हा राग तिला महिनाभर पुरला. मग अकोल्याला जागा निघाली, तिथे ती गेली. जाण्याआधी एका रविवारी त्या दोघांना बसमध्ये घालून तिनं काटोलला नेलं आणि देवरावची गाठ घालून दिली.