एडमच्या बांधावरची काठी

मी म्हाताऱ्या गेरब्रांडची काठी. वाळुंजाच्या फांदीची. बायको गेल्यावर त्यानेच मला तासलं, कारण आता हात धरायला कोणी नव्हतं.

दर रविवारी आम्ही आमच्या एडम गावाहून समुद्राच्या बांधावरून शेजारच्या मोनिकेंडमला जायचो, रमतगमत. मेंढ्या बघायच्या, वाऱ्याला शिव्या घालायच्या, बंदरावर धुरी दिलेला वाम मासा खायचा आणि बसने परत. मुलगी नेल जवळच राहायची. ती कधी आली नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी ती दारात उभी राहिली. म्हणाली, आज मीही चालते. घाईघाईत दाढी करताना म्हाताऱ्याने दोनदा कापून घेतलं.

वाटेत तो बोलायचा थांबत नव्हता. पाणथळीतले पक्षी दाखवत होता, आईच्या लग्नातल्या गमती सांगत होता. नेल हं हं करत होती. बाकावर पाव-चीज खाताना खालच्या रस्त्याने जावई रूडची निळी गाडी गेली. गेरब्रांडने मला उंच करून हाक मारली. रूडने पाहिलं नाही.

"कुठे निघालाय हा रविवारी?"

"काम आहे त्याला," नेल म्हणाली.

मोनिकेंडम आलं. ती बंदराकडे वळलीच नाही. गावाच्या कडेला विटांची इमारत होती, आपोआप उघडणाऱ्या दारांची. आत वरच्या मजल्यावर एका खोलीवर गेरब्रांडचं नाव लावलेलं. खोलीत त्याची खुर्ची, त्याची उशी, बायकोचा फोटो. रूड घाम पुसत होता.

गेरब्रांड खुर्चीत न बसता नेलकडे वळला.

"मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर आला असता का, बाबा? गाडीत तर बसलाच नसता."

"तू माझ्याबरोबर चाललीस, म्हणून आलो गं."

नेलने कोटाचं बटण लावलं आणि रूडला गाडी काढायला सांगितलं.

त्यानंतर तो दोनदा माझ्या आधाराने बांधावर निघाला. दोन्ही वेळा इमारतीतल्या लोकांनी त्याला धरून आणलं. मग नेल आली आणि त्याच्या मुठीतून मला सोडवून घेतलं. बोटं एकेक करून उघडावी लागली. काठी नसली की कुठे जाणार, असं तिने तिथे म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बाईंना समजावलं.

आता नेलचाही गुडघा दुखतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मैत्रिणींबरोबर ती त्याच बांधावरून मोनिकेंडमला येते, मला घेऊन. परवा त्या इमारतीसमोरून जाताना वरच्या काचेवर कोणीतरी ठोकत होतं. सावकाश, पण थांबत नव्हतं.

"कोण आहे गं?" एकीने विचारलं.

"असतात तिथे म्हातारी माणसं," नेल म्हणाली. तिने मला जोरात टेकवलं आणि पावलं उचलली.

मला हात नेईल तिकडेच जावं लागतं. तुम्हाला तसं नाही. कधी त्या वाटेने आलात, तर जिना चढून वर जा. फार काही नको. त्याला घेऊन बंदरापर्यंत चालून या.